एक सेफ्टी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर एक गोष्ट डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळची वेळ आहे. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात, समोर टीव्ही चालू आहे आणि त्यातून तुमच्या बाबांचा आवाज येतो आहे. तोंड दुसऱ्याचं आहे, मिश्या दुसऱ्याच्या आहेत, अंगावर लष्करी कोट आहे. पण आवाज बाबांचा. सकाळी तुमचं पांघरूण ओढून ज्या आवाजात ते तुम्हाला उठवतात, तोच. आता मान वळवा. शेजारी खुर्चीत तुमचे बाबा बसले आहेत आणि त्यांचं तोंड बंद आहे. घाई करू नका. एकदा टीव्हीकडे बघा, एकदा खुर्चीकडे. यातले खरे बाबा कुठले, असं मी विचारलं तर तुम्ही हसाल. बिट्टीही हसली असती, अगदी परवापरवापर्यंत. पण त्या संध्याकाळी तिने टीव्हीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं झालं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं.

बिट्टी म्हणजे तुमच्याएवढीच एक मुलगी. वेणीची दोन टोकं कधीच सारखी नसलेली, पाढे म्हणताना खिडकीबाहेर बघणारी. बाबा काय करतात हे शाळेत सांगायची वेळ आली की तिची पंचाईत व्हायची. बाकीच्यांचे बाबा बँकेत होते, दुकानात होते, गाड्या दुरुस्त करत होते. तिचे बाबा दुसऱ्यांच्या तोंडात आवाज घालत. बाहेरच्या देशांतल्या मालिका आपल्या भाषेत यायच्या, त्यातली माणसं बोलायची ती बाबांच्या आवाजात. "म्हणजे तुझे बाबा टीव्हीत दिसत नाहीत?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "दिसत नाहीत, ऐकू येतात," आणि समोरचा निम्मं समजून मान डोलवायचा. त्या वर्षी ज्या मालिकेचं सगळीकडे वेड होतं ती युद्धाच्या काळातली होती. एक शहर, शत्रूने जिंकलेलं. त्यात शत्रूच्या बाजूचा एक मेजर आणि एका बोळात दुकान थाटून बसलेला एक घड्याळजी. घड्याळजी खरा हेर. तो घड्याळांच्या डब्यांतून निरोप बाहेर पाठवायचा. हेराला पकडण्याचं काम मेजरकडे होतं, आणि गंमत अशी की दोघे लहानपणी एकाच बाकावर बसत असत. मेजरला संशय आलेला आहे हे घड्याळजीला माहीत होतं, आणि घड्याळजीला ते माहीत आहे हे मेजरला माहीत होतं. तरी दोघे रोज घड्याळांविषयीच बोलायचे. मेजर आपल्या वर्दीचा की आपल्या मित्राचा, एवढ्यासाठी लोक जेवणं लांबवून टीव्हीपुढे बसत. मेजरचा आवाज बाबांचा होता. घड्याळजीचा आवाज बाबांच्या मित्राचा. बिट्टी त्यांना नुसतं काका म्हणायची. जन्मल्यापासून ते घरात येत होते आणि येताना केळी आणत होते.

बाबांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बिट्टीलाही समोर बसवून समजावून सांगितलं होतं. गाठ काढायची, मग घशाला पूर्ण विश्रांती. बोलायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही, कारण कुजबुजताना घशाला जास्त त्रास होतो. हे बिट्टीला नवीन होतं. हळू बोलणं म्हणजे कमी बोलणं असं तिला वाटायचं. ऑपरेशन झालं, बाबा घरी आले, आणि आईने माळ्यावरून बिट्टीची जुनी पाटी काढून दिली. मग घरात खडूचा आवाज सुरू झाला. मीठ हवं असेल तर खडू, खिडकी लावायची असेल तर खडू. बाबा पाटी ओल्या फडक्याने पुसत आणि त्या ओल्या दगडाचा वास स्वयंपाकघरापर्यंत येई. बिट्टीला या सगळ्याचं फारसं दुःख झालं नव्हतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. कारण बाबांनी ऑपरेशनच्या आधी बरेच भाग एकदम रेकॉर्ड करून ठेवले होते आणि ते रोज एकेक करून लागत होते. दिवसभर बाबा गप्प असत आणि संध्याकाळी टीव्हीतून बोलत. आवाज काही दिवसांसाठी दुसऱ्या खोलीत राहायला गेलाय, इतकंच. उलट तिला कधीकधी असंही वाटायचं की टीव्हीतले बाबा जास्त मजेदार आहेत. खुर्चीतले पाटीवर लिहायचे, "दूध संपव." टीव्हीतले म्हणायचे, "सगळे पूल बंद करा!" ती दुपारपासून सातची वाट बघायची. खुर्चीतल्या बाबांची वाट बघायचं काही कारणच नव्हतं, ते तिथेच असत.

तर त्या संध्याकाळी मेजर घड्याळजीच्या दुकानात आला, टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "माझं घड्याळ मागे पडतंय. की तूच पुढे निघून गेलास?" आवाज बाबांचाच. भारदस्त, शेवटाला थोडा खाली उतरणारा. आणि तरी बिट्टीची ती पायरी चुकली. काय चुकलं हे तिला लगेच कळलं नाही. मेजर पुढचं वाक्य बोलला, त्याच्या पुढचं बोलला, आणि मग तिला कळलं. वाक्य संपल्यावर काहीच होत नव्हतं. बाबांचं वाक्य संपलं की ते नाकातून एक बारीक श्वास सोडत. जिना चढून आल्यावर हातातली जड पिशवी खाली ठेवताना माणूस सोडतो, तेवढाच. बाहेरच्यांना तो ऐकू येत नसेल. पण बिट्टीने बाबांच्या छातीवर कान ठेवून गोष्टी ऐकल्या होत्या, आणि तिच्यासाठी गोष्टीतलं प्रत्येक वाक्य त्या श्वासावर संपायचं; पूर्णविराम ती शाळेत शिकायच्या आधी तिथे शिकली होती. हा मेजर पिशव्या खाली ठेवत नव्हता. एकीवर एक घेतच चालला होता. तिने मान वळवली तर बाबा टीव्हीकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, "कसा झाला?" आणि बिट्टी म्हणाली, "मस्त. तुमचा आवाज एकदम कडक." बाबांनी मान हलवली आणि पाटी पुसली. पुसायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ ते पुसत होते.

आता तुम्ही विचाराल, ती खोटं का बोलली? तिलाही ठाऊक नव्हतं. पण एकदा बोलल्यावर ते सांभाळणं आलं. जेवताना ती नेहमीसारखी जेवली आणि नेहमीसारखं म्हणजे कसं, हे तिला पहिल्यांदाच आठवून आठवून करावं लागलं. घड्याळजीचं असंच होत असेल, असं तिला वाटलं. मेजर दुकानात आला की तो नेहमीसारखा भिंग डोळ्याला लावतो. पण भिंगामागचा डोळा दुसरीकडेच असतो.

तिला स्टुडिओ आठवला. बाबा तिला सुट्टीत एकदा घेऊन गेले होते. भिंतींना गाद्या लावलेली एक अंधारी खोली, मध्ये माइक, समोर पडदा. बाहेर चपला काढायच्या, कारण चपला वाजतात. सुती कपडे घालायचे, कारण बाकीचं कापड सळसळतं. काचेपलीकडे डबिंग घेणाऱ्या ताई बसायच्या, केसांत पेन्सिल खोचून. बाबा पडद्यावरच्या ओठांकडे बघत एक वाक्य बोलले आणि ताईंचा आवाज वरून आला, "ओके. एक सेफ्टी." बाबा तेच वाक्य पुन्हा बोलले. बिट्टीला राग आला. एकदा चांगलं झालंय तर पुन्हा कशाला? परत येताना बाबांनी तिला सांगितलं होतं, "पहिला टेक ठेवून दिलेला असतो. पण कधी यंत्रात बिघडतो, कधी पुसला जातो. म्हणून अजून एक घेऊन ठेवायचा. आणि गंमत सांगू? सेफ्टीचा टेक माणूस न घाबरता देतो. पहिला सुरक्षित आहे म्हटल्यावर भीती कसली?" "पण मग ओके म्हणजे चांगला झाला असंच ना?" "छे गं. ताई वाईट टेकलाही ओके म्हणतात. ओके म्हणजे सुंदर नव्हे. ओके म्हणजे हा आपला, हा ठेवायचा." त्यानंतर घरात तो खेळच झाला. बाबा झोपताना "झोप आता, बिट्टे" म्हणायचे आणि बिट्टी पांघरुणातून ओरडायची, "ओके, एक सेफ्टी!" मग ते पुन्हा म्हणायचे, कधी राजासारखं, कधी म्हाताऱ्यासारखं. आई बाहेरून म्हणायची, "तुमची सेफ्टी संपली असेल तर दिवा घालवा." ऑपरेशनपासून तो खेळ बंद होता. पाटीवर लिहिलेल्या वाक्याची सेफ्टी कशी घेणार?

दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. "काय गं, बाबा बरे झाले वाटतं? काल काय खणखणीत बोलले! आमचे हे म्हणाले, ऑपरेशनने आवाज उलट उजळला." बिट्टी हो म्हणाली. शाळेत बाकावरची मैत्रीण म्हणाली, "काल मेजर कसला भारी! तुझे बाबा घरी पण असंच ओरडतात का?" बिट्टी हो म्हणाली. कुणालाच काही कळलं नव्हतं. जी गोष्ट आपल्या एकट्यालाच खुपते ती खरी की खोटी, हे ताडून बघायला दुसरं कुणी नसतं. तिने संध्याकाळी पुन्हा ऐकलं. पुन्हा श्वास नव्हता. मग ती संशयाने सगळ्यांकडे बघू लागली. मालिकेत त्या आठवड्यात असंच चाललं होतं. मेजरच्या कचेरीतून कुणीतरी बातम्या फोडत होतं आणि प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या चहाच्या कपाकडेही संशयाने बघत होता. बिट्टीने पाहिलं की काका आता रोज येतात. पूर्वी आठवड्यातून कधीतरी येत. केळी टेबलावर ठेवतात, "काय बिट्टाबाई, गणितं काय म्हणतायत?" असं विचारतात, पण उत्तर ऐकायला थांबत नाहीत. बाबांच्या खोलीत जातात आणि आई दार लोटून घेते. "बाबांना आराम करू दे," ती म्हणते. काका आत असताना आराम कसला? काका तर असे की शिंकले तरी शेजारी दार उघडून बघतात.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. आई खाली दळण आणायला गेली होती, घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. बिट्टीने दप्तर ठेवलं आणि तिला बाबांचा आवाज ऐकू आला. टीव्ही बंद होता. तिने हात लावून बघितला, त्याची पाठ थंड होती. आवाज आतल्या खोलीतून येत होता. "तू मला ओळखलं नाहीस," बाबा म्हणत होते. "इतकी वर्षं एका बाकावर बसलो, आणि तू मला ओळखलं नाहीस." मुलांनो, त्या क्षणी श्वासबीस सगळं ती विसरली. बाबा बोलतायत, एवढंच तिच्या मनात होतं. बाबा बरे झाले आणि मला आधी सांगायचं सोडून एकटेच बोलत बसलेत. तिने पळत जाऊन दार ढकललं. कपाटाच्या आरशासमोर काका उभे होते, चपला काढून, एक हात पोटावर. बाबा पलंगावर पाटी घेऊन बसले होते. पाटीवर लिहिलेलं होतं, "अजून काहीतरी राहतंय." काकांचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि त्या उघड्या तोंडात बाबांचा आवाज आहे हे बिट्टीला दिसत होतं, दुसऱ्याच्या घरात आपली बाहुली दिसावी तसं.

"चोर!" ती म्हणाली. "तुम्ही चोर आहात. केळीचोर नाही, आवाजचोर!"

"अगं, ऐक तरी," काका म्हणाले. आता ते स्वतःच्या आवाजात बोलत होते आणि तो पातळ, नाकातला, रोजचा आवाज तिला फार परका वाटला. "मी काय हौसेने करतोय? सकाळपासून मेजर होऊन घड्याळजीला दम देतो आणि मग घड्याळजी होऊन स्वतःलाच घाबरतो. माझी बायकोसुद्धा माझे इतके हाल करत नाही."

बिट्टी हसली नाही. बाबांनी खडू इतका दाबून धरला की तो मोडला. उरलेल्या तुकड्याने त्यांनी लिहिलं, "चोर नाही. मीच दिला." पुसलं. "ऑपरेशनच्या आधीच शिकवला. माझे रेकॉर्ड केलेले भाग संपले. मधेच आवाज बदलला तर वाहिनीवाले बाहेरचा माणूस आणतील. मग माझी जागा गेली." पुसलं. मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "आणि तू रोज सातची वाट बघतेस." बिट्टीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. म्हणजे खुर्चीतल्या बाबांना ते ठाऊक होतं. ती त्यांच्याकडे पाठ करून टीव्हीपुढे बसायची, आणि ते मागून तिची पाठ बघत असत. तिने विचारलं, "पण तुमचा परत येणार ना? तोच?" काका म्हणाले, "म्हणजे काय! येणार म्हणजे येणारच." बाबांनी हाताने त्यांना गप्प केलं. त्यांनी लिहिलं, "येईल. तोच येईल असं नाही." ही पाटी त्यांनी पुसली नाही. ती पलंगावर ठेवून दिली, तिला हवा तेवढा वेळ बघता यावी म्हणून.

त्यानंतरचे दिवस बाहेरून बघणाऱ्याला नेहमीसारखेच दिसले असते. बिट्टी शाळेत जात होती, गणितं चुकत होती. काका येत होते, दार आता उघडंच असे. पण बिट्टी सात वाजले की अडचणीत येई. टीव्हीपुढे बसलं तर ते बाबांना सोडून काकांच्या बाजूला जाणं होईल. नाही बसलं तर बाबांनी एवढ्या खटपटीने केलेलं वाया जाईल. शेवटी ती खुर्ची आणि टीव्ही यांच्या मध्ये, भिंतीला टेकून आडवी बसू लागली. तिथून दोन्ही अर्धे दिसत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला तो आवाज आवडत होता. खोटा आहे हे माहीत असून आवडत होता. मेजर बोलायला लागला की तिचे खांदे आपोआप सैल पडत, आणि मग तो श्वास यायचा तिथे काहीच यायचं नाही, आणि खांदे पुन्हा वर जात.

एके दिवशी काका स्वयंपाकघरात आईशी बोलत होते. बिट्टी शेजारच्या खोलीत नकाशा रंगवत होती. "वहिनी, वाहिनीकडे फोन आलेत," काका म्हणाले. "मेजर आजारी आहे का, असं विचारतायत लोक. नेमकं काय खटकतंय ते कुणालाच सांगता येत नाही. ताईंनाही नाही, त्याला स्वतःलाही नाही. स्वतःचा आवाज माणसाला कुठे ठाऊक असतो? या आठवड्यात जमलं तर ठीक. नाहीतर मेजरसाठी दुसरा माणूस बघायचं ठरलंय." आई म्हणाली, "भाऊजी, त्यांच्यापुढे हे काढू नका." "नाही काढत." मग नळाचं पाणी वाहिलं. बिट्टीचा निळा रंग समुद्रातून जमिनीवर गेला. काय राहतंय हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं. सांगितलं तर काकांचा आवाज पुरा होईल आणि बाबांची जागा राहील. पण मग बाबांकडे असं काय उरेल, जे काकांकडे नाही? न सांगितलं तर तो श्वास बाबांचा राहील, पण नुसता श्वास घेऊन बाबा काय करणार? तिने मेजरला आठवून बघितलं. मेजरलाही कुणी सांगत नव्हतं काय करायचं ते. तो आपला घड्याळाला किल्ली देत बसायचा.

काका निघाले तेव्हा ती त्यांच्यामागे जिन्यात गेली. ते पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते.

"काका, तुम्ही पिशवी खाली ठेवत नाही."

"कसली गं? केळ्यांची? ठेवली की टेबलावर."

"ती नाही. बाबा बोलून झालं की पिशवी ठेवतात." आणि तिने करून दाखवलं. एक वाक्य म्हटलं आणि मग नाकातून तेवढासा श्वास. काकांचा नाडीवरचा हात थांबला. त्यांनी मेजरचं वाक्य म्हणून बघितलं. "उसासा नाही," बिट्टी म्हणाली. "तुम्ही दुःखी झाल्यासारखं करताय. बाबा दुःखी नसतात, त्यांचं नुसतं बोलून झालेलं असतं." त्यांनी पुन्हा केलं. "जास्त झालं." पुन्हा केलं. जिना रिकामा होता, वरच्या काचेतून उन्हाचा एक पट्टा भिंतीवर पडला होता, आणि त्या पट्ट्यात बसून बिट्टीचे बाबा बोलले आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली. बिट्टीच्या हातांवर काटा आला. काकांनी वर तिच्याकडे बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "हे तू कुणाला सांगितलं नव्हतंस ना?" तिने मान हलवली. काका नाडी तशीच सोडून निघून गेले.

त्या आठवड्यात मेजर पूर्ण झाला. समोरच्या काकू म्हणाल्या, "आता कसं!" फोन थांबले. बिट्टी भिंतीला टेकून ऐकत होती आणि तिला आता काहीही ओळखता येत नव्हतं. प्रत्येक वाक्य जिथे संपायचं तिथे संपत होतं. तिने बाबांकडे बघितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मेजर बोलला आणि त्याने श्वास सोडला, तेव्हा बाबांनी डोळे उघडले आणि हात घशाकडे नेला. खिशातली वस्तू जागेवर आहे का हे बघावं, तसा. मग त्यांनी लिहिलं, "हेच राहत होतं. याला कसं कळलं?" बिट्टी म्हणाली, "मला काय माहीत?" बाबा खूश दिसत होते. जागा राहिली होती. आणि बिट्टीला वाटलं की तिने बाबांच्या घराची शेवटची किल्ली जिन्यात दुसऱ्याच्या हातात ठेवली, आणि तीही चांगल्यासाठीच. चांगल्यासाठी केलेली फितुरी फितुरीच असते का, हे ती कुणाला विचारणार? शाळेत हा धडा नव्हता. तुम्हाला उत्तर येत असेल तर मला सांगा. मी इतकी वर्षं मुलांना शिकवतो आहे आणि मलाही ते फळ्यावर लिहून देता येणार नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी बाबांना पुन्हा बोलावलं. आई आणि बाबा दुपारी गेले, बिट्टी समोरच्या काकूंकडे बसली. परत आल्यावर आईने सांगितलं की बाबांनी आजपासून थोडं थोडं बोलायचं आहे. अगदी थोडं, एखादा शब्द, तोही ओढून नाही. आईचा चेहरा हसरा होता, पण तिने पर्स नेहमीच्या खुंटीवर न लावता हातातच ठेवली होती. बिट्टीने विचारलं, "तिथे बोलले का?" आई म्हणाली, "नाही. म्हणाले, घरी." म्हणजे लिहिलं, घरी. बाबा आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. नळ वाहिला, पेला ठेवल्याचा आवाज झाला. सात वाजले. बिट्टीने टीव्ही लावला, कारण सात वाजले की ती टीव्ही लावायची, आणि काय करावं हे न सुचलं की माणूस रोजचंच करतो. मालिका शेवटाला आली होती. घड्याळजी पकडला गेला होता. त्याला हात बांधून मेजरसमोर उभा केला होता आणि मेजरचा वरिष्ठ खुर्चीत रेलून बसला होता. वरिष्ठ म्हणाला, "मेजर, तुम्ही या माणसाला ओळखता?" मेजरचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. त्याने ओठ उघडले.

"बिट्टे," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने मान वळवली. बाबा खोलीच्या दारात उभे होते, एक हात चौकटीवर. आवाज त्यांच्याकडून आला होता, दुसरं तिथे कुणी नव्हतं. पण तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. पत्र्यावरून वाळू सरकावी तसा, मध्ये तुटलेला, अर्धा शब्द आणि अर्धी नुसती हवा. ही सगळी हवाच होती. यातला श्वास कुठला आणि शब्द कुठला हे वेगळं काढता येत नव्हतं, आणि त्यानंतर पिशवी खाली ठेवली की नाही हे तर मुळीच ऐकू आलं नाही. बिट्टीने कान देऊन शोधलं. ओळखीचं काही सापडलं असतं तर सोपं झालं असतं. सापडलं नाही. टीव्हीच्या बाजूने तिच्या बाबांचा आवाज काहीतरी म्हणू लागला होता, भारदस्त, अखंड. दारातले बाबा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांना वाटतंय ते सगळं चेहऱ्यावर होतं. सकाळी पाटीवर उत्तर लिहून बाईंकडे नेताना आपला असतो ना, अगदी तसा चेहरा. त्यांनी पाटी आणली नव्हती. आई स्वयंपाकघराच्या दारात पर्स धरून उभी होती.

बिट्टी उठली. तिने टीव्हीचा आवाज खाली खाली नेत पार बंद केला. मेजरचे ओठ हलत राहिले. तो काय म्हणाला ते तिला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. मग ती दारासमोर आली, जमिनीवर मांडी घालून बसली, टीव्हीकडे पाठ करून, आणि बाबांकडे तोंड वर करून म्हणाली,

"ओके. एक सेफ्टी."